अकरा-अठ्ठावीस

“तात्या, ट्रॅक्टर तुमच्यासारखा लंगडतोय, का तुम्ही ट्रॅक्टरसारखं लंगडताय?”

हा प्रश्न मी विचारला. मोठ्यानं, स्पष्ट, वर्गात पाठांतर म्हणून दाखवताना बांधतात तसे हात मागं बांधून. आणि विचारून झाल्यावर वळून बघितलं तर अल्फिया आणि तनुजा दोघी गायब. तनुजाची एक चप्पल तेवढी चिखलात उताणी पडलेली.

आता मी बारावीत आहे, तेव्हा नववीत होते. त्याआधी माझा आवाज कुणी ऐकलेलाच नव्हता म्हटलं तरी चालेल. हजेरीला ‘येस सर’सुद्धा मी ओठातल्या ओठात म्हणायची, आणि वर्षातनं एकदा तरी माझी हजर असून गैरहजेरी लागायची. मग जूनमध्ये वक्तृत्व स्पर्धेत कुणी उभं राहीना म्हणून सरांनी मला ढकललं, तर चक्क पहिला नंबर आला! तेव्हापासून तोंडाचं झाकण जे उडालं ते परत सापडलंच नाही. आम्हा तिघींचा शनिवारचा खेळ त्यातनंच निघाला. सकाळची शाळा सुटली की एकीनं गावातल्या कुणातरी भयंकर माणसाला एक प्रश्न विचारायचा, आणि प्रश्न बाकीच्या दोघींनी ठरवायचा. अल्फियानं पीटीच्या सरांना विचारलेलं, “सर, मिशीला आणि केसाला डाय एकच लावता का वेगवेगळा?” तिला मैदानाला फेऱ्या मारायला लागल्या, पण उत्तर मिळालं. वेगवेगळा.

माझ्या वाट्याला आले बाळगोंडा पाटील. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं, त्यांचा मुलगासुद्धा. गाव म्हणजे जयसिंगपूरपासून आत, नदीच्या काठाला, उसात बुडालेलं. तात्या म्हणजे गावातल्या सगळ्यात जुन्या ट्रॅक्टरचे मालक आणि गावातला सगळ्यात वाईट स्वभाव. डावा गुडघा गेलेला, त्यामुळं चालताना डावीकडं झोल जायचा. आणि त्यांचा तो निळा ट्रॅक्टर, समुद्रापलीकडनं आलेला म्हणून नाव ‘विलायत्या’, तोसुद्धा महिनाभरात डावीकडं कलून चालायला लागला होता. शाळेच्या कट्ट्यावरनं आम्ही रोज बघायचो. त्यावरनं हा प्रश्न.

तात्या गोठ्याच्या दारात बसले होते, समोर विलायत्या उभा. काठी टेकून उठले. मी पळणार होते, खरं सांगते, पण पाय हलले नाहीत.

“कुणाची गं तू?”

“मगदुमांची.”

“टायरवाल्या रावसाबाची?”

“व्हय.”

“आन् हे इचारायला बापानं शिकवलं?”

“न्हाई तात्या. आमची पैज हुती.”

“पैज.” त्यांनी काठीनं तनुजाची चप्पल उलथून सुलटी केली. “पैज म्हणून इचारलंस, का तुला खरंच दिसलं?”

खोटं बोलायला सुचलंच नाही. “दिसलं की. त्याचं धुराडं बघा. मागचा लाइटचा खांब सरळ उभा हाय, आणि धुराडं खांबाला सोडून डावीकडं कललंय. चालताना तर लईच दिसतंय.”

तात्या माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. एक डोळा मिटला. आधी खांबाकडं बघितलं, मग विलायत्याच्या धुराड्याकडं. किती वेळ बघत होते! मला वाटलं आता काठी बसणार.

“शाबास,” ते म्हणाले. आणि आवाज इतका मऊ आला की मीच दचकले. “महिना झाला पोरी, मी एकटाच बोंबलतोय. म्हटलं मलाच तसं दिसाय लागलं का काय.”

हे कळायला सरी काय ते सांगायला पाहिजे. ऊस लावायच्या आधी रानात नांगरासारखं अवजार ओढून लांबच लांब चर पाडतात, त्याला सरी म्हणतात. सरी वाकडी गेली की पाणी तुंबतं, ऊस कुठं कुजतो, कुठं वाळतो. आणि सरी बघावी तर तात्यांची, असं पंचक्रोशीत म्हणायचे. वरच्या तोंडाला पाणी सोडलं की खालच्या तोंडाला जाऊन हात जोडून उभं राहायचं! लोक आपल्या लागणीला मुद्दाम तात्यांना बोलवायचे. आणि त्याच तात्यांच्या सरी त्या वर्षी विळ्यासारख्या वाकड्या पडत होत्या. गाव म्हणत होतं, म्हातारा संपला.

“ह्यो डावीकडं ओढतोय,” तात्या मला सांगत होते, जसं काही मी कुणी मिस्त्री होते. “डावा फाळ खोल जातोय, उजवा वर राहतोय. मी स्टेरिंग उजवीकडं दाबून धरतोय, खांदा भरून येतोय. तरी ह्याचं आपलं डावीकडं.”

“झालं?” मागनं आवाज आला. “आता शाळेच्या पोरी गोळा करून साक्षी काढाय लागला व्हय?”

ते शीतलकाका, तात्यांचे थोरले. आमच्याकडं जैनांत शीतल हे बाप्यांचं नाव असतं. माझी पुण्याची मामेबहीण अजून हसते.

“शीतल, ह्या पोरीला दिसतंय.”

“काय दिसतंय?”

“ट्रॅक्टर कललाय.”

“तुम्ही बसला म्हणजे कलतोयच. डाव्या पायात जीव न्हाई, सगळा भार त्या अंगाला टाकता तुम्ही.”

“आत्ता कोण बसलंय रं त्याच्यावर? भूत?”

शीतलकाकांनी विलायत्याकडं नीट बघितलंसुद्धा नाही. ते माझ्याकडं वळले. मला वाटलं रागावलेत, पण त्यांचे डोळे रागावलेले नव्हते. “बाळ, तुला म्हाईत न्हाई. मंगळवारी ह्यांनी ट्रॅक्टर पाटाच्या कडंला नेला. वीतभर राहिली हुती, वीतभर! मी वरडत पळत सुटलो म्हणून. न्हाईतर हे पाटात आणि ते धूड ह्यांच्या उरावर.” मग तात्यांना म्हणाले, “उद्या सकाळी ढाब्याची गाडी येतीया. ठरलंय ते ठरलंय.”

हायवेवर एक नवीन ढाबा झाला होता. त्यांना दारात उभा करायला जुना ट्रॅक्टर पाहिजे होता. लोक जेवून आले की त्याच्यावर बसून फोटो काढणार.

“रंग मारून ठेवतील. सावलीत राहील. मजेत राहील,” शीतलकाका म्हणाले.

“मजेत? म्हाताऱ्याला बाशिंग बांधून दारात बसवल्यागत?”

“मग काय करू, तात्या? नवा ट्रॅक्टर हाय की घरात. मी चालवतोय. रान काय पडून राहत न्हाई.”

“आन् मी?”

शीतलकाकांनी म्हशीपुढं वैरण सारली. मग म्हणाले, “विलायत्यात कायतरी खोट हाय, असं कुणीतरी दाखवू दे मला. माझी ना न्हाई. मिस्त्रीनं एक्सल बघितला, बेअरिंग बघितलं. टायर तर गेल्या महिन्यात नवा घातला. गाडीत काय न्हाई हो तात्या. मग राहिलं कोण?” आणि ते आत गेले.

तात्या खाली बसले. गोठ्यातल्या म्हशीकडं बघत होते, पण म्हैस त्यांना दिसत नसावी.

मी तिथनं जायला पाहिजे होतं. पैज जिंकली होती, पुढच्या शनिवारी अल्फियाची पाळी होती. पण ‘टायर’ हा शब्द ऐकला की माझे कान आपोआप उभे राहतात. टायरच्या दुकानात वाढलेली मुलगी मी. बाकीची पोरं पाढे म्हणायची तेव्हा मी गल्ल्याशेजारी बसून नंबर म्हणायची. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचं माप, दोन्ही इंचात. आणि एक मला तेव्हाच लक्षात आलं. बिघडलेल्या गाडीत सगळे जुनं काय ते शोधतात. नव्या टायरकडं कोण कशाला बघंल?

मी विलायत्याच्या उजव्या चाकापाशी उकिडवी बसले आणि ओढणीच्या टोकानं चिखल पुसला. बारा-चार-अठ्ठावीस. म्हणजे रुंदी १२.४, रिम २८. मग पलीकडं जाऊन डावं चाक पुसलं. अकरा-दोन-अठ्ठावीस.

परत उजवीकडं पळाले. परत डावीकडं.

“तात्या! दोन चाकं दोन मापाची हैत! डावा बारका हाय!”

“काय?”

“टायर! डाव्याचं माप बारकं हाय. म्हणून कलतोय. तुमच्या पायाचा काय संबंध न्हाई!”

तात्या काठी विसरून उठले. वाकून बघायचा प्रयत्न केला, पण गुडघ्यानं वाकू दिलं नाही. मग नुसता हात लावला टायरला, आधी एका, मग दुसऱ्या. “मला वाकवत न्हाई, आन् वाचायला दिसत न्हाई,” ते म्हणाले. “नवा टायर म्हटल्यावर कोण बघतंय नंबर.”

“उजवा कुठनं आणला?”

“भाच्यानं आणला कोल्हापुरातनं. गेल्या साली.”

“आणि डावा?”

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. “तुझ्या बापानं दिला की.”

मी डाव्या चाकावरचा नंबर परत वाचला. पप्पा चुकतील? शक्यच नाही! पप्पांना गावात लोक नाव सोडून ‘नंबर’ म्हणायचे. कुठल्याही गाडीचं नाव सांगा, पुढचा-मागचा नंबर तोंडपाठ. नंबर चुकला असेल तर तो त्या कोल्हापूरवाल्याचा.

“तात्या, जुना टायर ठेवलाय का? फुटलेला?”

“परड्यात हाय. शेजाऱ्याच्या कोंबड्या बसत्यात त्यात.”

घरामागं परड्यात गेले. एक तांबडी कोंबडी टायरच्या मधोमध महाराणीसारखी बसली होती, ती काही केल्या उठेना. तिला उचलून बाजूला ठेवली, टायरच्या बाजूवरची धूळ पुसली. अकरा-अठ्ठावीस. पॉइंट नाही, काही नाही. नुसता ११-२८.

“हेच माप हुतं पयल्यापास्नं,” तात्या मागनं म्हणाले. “बोटीतनं आला तवा जे हुतं, तेच.”

माझ्या मनात ढोल-ताशे सुरू झाले. अकरा आणि अकरा-दोन! फरक काय, फक्त पॉइंट दोन. म्हणजे पप्पांनी दिला तोच बरोबर, आणि कोल्हापूरवाल्याचा बारा-चार चूक. खोट पण सापडली आणि पप्पांचं नाव पण राहिलं. “तात्या, हा टायर मी नेते. पप्पांना दाखवते आणि त्यांनाच घेऊन येते. ते सांगतील शीतलकाकांना.”

“सांगंल न्हवं?” तात्यांनी विचारलं. “उद्या सकाळच्याला गाडी येणार हाय, पोरी.”

“सांगतील की. पप्पाच ते!”

ट्रॅक्टरचा मागचा टायर म्हणजे गंमत नाही. उभा केला तर माझ्या गळ्यापर्यंत आला. गल्लीच्या तोंडाला अल्फिया आणि तनुजा भिंतीआड उभ्या होत्या.

“जिवंत हैस?” तनुजानं विचारलं. तिच्या एका पायात चप्पल नव्हती.

“तुम्ही दोघी पळपुट्या हैसा. आता ढकला.”

“हे काय?”

“पुरावा!”

तिघींनी मिळून तो टायर गावातनं पळवत नेला. एक डावीकडनं, एक उजवीकडनं, एक मागनं. लहान असताना सायकलचा टायर काठीनं पळवायचो तसा, फक्त हा हत्ती होता. दूध संस्थेच्या उतारावर तो आमच्या हातातनं सुटला. कॅन घेऊन चाललेल्या महादू कोळ्यानं असली उडी मारली की तनुजा अजून त्याला ‘ऑलिंपिक’ म्हणते.

“अगं ए भवान्यांनो! शाळंत हेच शिकवत्यात काय?”

“भूमिती शिकवत्यात, काका!” अल्फिया ओरडली.

दुकानाशी पोचलो तेव्हा पप्पा एका गिऱ्हाइकाचं चाक फिट करून हात पुसत होते. गिऱ्हाईक गेलं. आम्हा तिघींना आणि त्या टायरला बघून ते हसले. “काय गं, शाळा सोडून पंक्चर काढायचा विचार हाय?”

मी सगळं भडाभडा सांगितलं. तात्या, सरी, पाट, ढाबा, दोन चाकांचे दोन नंबर. पप्पा ऐकताना मान हलवत होते. “बरोबर,” ते म्हणाले. “कोल्हापूरवाल्यानं थापला असंल बारा-चार. दुकानात असंल ते खपवत्यात ही माणसं. अकराला अकरा-दोनच.”

“मग चला ना, शीतलकाकांना सांगाय.”

“जाऊ की. चहा तर घेऊ दे.”

आणि तिथंच थांबलं असतं तर! पण मला पुरावा दाखवायचा होता, मैत्रिणींसमोर, थाटात. दुकानात आत नवाकोरा अकरा-दोन होता, तात्यांना दिलेल्या टायरचा जोडीदार. तो मी बाहेर आणला आणि जुन्याशेजारी भिंतीला उभा केला. “आता बघा,” मी म्हणाले, “दोन्ही सारखेच.” वर एक फळी टाकली.

फळी उतरती बसली. जुन्याच्या बाजूला उंच, नव्याच्या बाजूला खाली.

मी टायर हलवून बघितले, जमीन बघितली, जागा बदलून परत उभे केले. फळी परत तशीच, जुन्याच्या अंगाला बोटभर उंच. पप्पा अजूनही त्या फळीवरनं मला चिडवतात, पण तेव्हा कुणी हसलं नाही.

“पप्पा, जुन्याची नक्षी निम्मी झिजलीय. झिजलेला टायर नव्यापेक्षा उंच कसा?”

“जुना टायर पसरतोय गं.”

“रुंदीला पसरंल. उंचीला पण पसरतो?”

पप्पांनी चहाचा कप खाली ठेवला. टेप घेऊन आले. जुन्याची रुंदी मोजली, नव्याची मोजली. परत जुन्याची मोजली, रुंदीलाही जुनाच जास्त भरत होता. टेप सोडला की तो खटकन आत जायचा. अल्फियानं तनुजाला कोपर मारलं आणि त्या दोघी हळूच निघून गेल्या. ह्या वेळी त्यांना मी पळपुट्या म्हटलं नाही.

“प्रांजू,” पप्पा म्हणाले, “बारा-अठ्ठावीसचा जुना ट्रॅक्टर आला, तर त्याला मी काय देतो?”

“तेरा-सहा.”

“तेराच्या जागी?”

“चौदा-नऊ.”

“मग अकराच्या...” त्यांनी टेप खाली ठेवला.

“बारा-चार,” मी म्हणाले. माझा आवाज परत जूनच्या आधीचा झाला होता.

पप्पा टायरवर टेकून बसले. “पूर्वीच्या रिमा अरुंद असायच्या. पुढं रुंद रिमा आल्या, तोच टायर त्याच्यावर जरा फाकून बसाय लागला, म्हणून नंबर वाढला. टायर तोच, नंबर नवा. हे मी लोकांना शिकवतो, प्रांजू. मी!”

“मग?”

“अकराचा ट्रॅक्टर माझ्याकडं कधी आलाच न्हाई. हा पहिलाच. शीतल रिकामी रिम घेऊन आला, म्हणाला अकरा-अठ्ठावीस द्या. मी अकरा ऐकलं आणि हात सरळ अकरा-दोनवर, म्हणजे जुन्या दहाच्या टायरवर गेला. रिमवर बसला पण झ्याक. ट्रॅक्टर समोर असता तर उजवा बघितला असता.”

“चला ना पप्पा. तात्या वाट बघत असतील.”

पप्पा उठले नाहीत. रस्त्यावर कोण आहे का ते बघितलं, आणि नवा टायर आत नेऊन ठेवला. फळी पण आत नेली. “बारा-चार मागवायला लागंल. मंगळवारपर्यंत येईल. मी शीतलला फोन करतो, टायरात कंपनीचा फॉल्ट निघालाय, बदलून देतो म्हणून. तेवढं पुरं हाय. ढाब्याची घाई करू नको म्हणतो.”

“पण कंपनीचा फॉल्ट न्हाईच!”

“घरी जा, प्रांजू.”

आमच्याकडं दिवस मावळायच्या आत जेवतात. त्या दिवशी जेवायला बसलो तेव्हा खिडकीतनं अजून पिवळं ऊन येत होतं. आई शिलाईचं मशीन बंद करून आली. मी तिला आधीच सगळं सांगितलेलं. तिनं पप्पांच्या ताटात भाकरी वाढली. आई न बोलता वाढते तेव्हा पप्पांना घास जात नाही.

“केला फोन,” पप्पा आपणहून म्हणाले.

“मग?”

“म्हणाला, रावसाब, टायर बदला, तुमचं उपकार. पण कंपनीच्या फॉल्टनं सरी वाकडी जात न्हाई, टायर बदलला म्हणून माणूस बदलत न्हाई. तात्यांचा हात गेलाय, सगळं गाव बघतंय. म्हणाला, उद्या गाडी येणारच.”

“मग त्यांना खरं सांगायचं,” आई म्हणाली. “माझ्या हातनं ब्लाऊजची बाही उलटी लागली तर मी बाईला काय सुईचा फॉल्ट म्हणून सांगते?”

“तुझी बाही उसवता येती.”

“आणि तुमची?”

पप्पा भाकरीचा तुकडा मोडत राहिले, बारीक, आणखी बारीक. “हायवेला टायरचं काचेचं दुकान झालंय. आत मशीन हाय, एसी हाय. लोक तिकडं का जात न्हाईत सांगू? कारण मगदुमाचा नंबर चुकत न्हाई. एवढी एकच गोष्ट हाय माझी. उद्या चारचौघांत मीच जाऊन सांगू, चुकला म्हणून?”

“तात्यांची पण एकच गोष्ट हुती,” मी म्हणाले. “सरी.”

पप्पांनी वर बघितलं. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, “तू बारकी हैस अजून. तुला कळत न्हाई.”

काही कळत नव्हतं हे खरंच होतं. बापाचं नाव मोठं का दुसऱ्या कुणाच्या म्हाताऱ्याचा हात, हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. मला पप्पा आवडायचे, जगात सगळ्यात जास्त. ते कामावरनं आले की त्यांच्या हाताला रबराचा जो वास यायचा, तोसुद्धा. पण डोळ्यांसमोर येत होते ते तात्या. दुपारपासनं गोठ्याच्या दारात बसून गल्लीकडं बघत असणार. मी पप्पांना घेऊन येते म्हटलं होतं ना. ऊन उतरत गेलं असणार, आणि दर वेळी कुणी वळणावर दिसलं की ते काठी सावरून बसत असणार. आणि कुणी आलं नाही म्हटल्यावर त्यांना काय वाटलं असेल? आपल्यालाच तसं दिसत होतं, असंच ना? माणसाला स्वतःच्या हाताचा भरवसा उरत नाही तेव्हा तो कुठं बघत बसतो, ते मी दुपारी बघितलं होतं. त्यांना सगळं खरं दिसत होतं, महिनाभर, आणि सगळ्या गावानं मिळून त्यांना सांगितलं होतं की तुम्हाला दिसतंय ते खोटं आहे.

मी ताट बाजूला सारलं आणि उठून उभी राहिले.

“पप्पा, आई, ऐका. उद्या गाडी यायच्या आधी मी तात्यांच्या दारात जाणार. शीतलकाका असतील, ढाब्याचे लोक असतील, बघायला निम्मं गाव असंल. असू दे. त्या सगळ्यांच्या समोर मी सांगणार, तात्यांचा हात सरळ हाय, माप आमचं चुकलं. पप्पा, तुम्ही आला तर मी तोंड उघडणार न्हाई, तुमच्या शेजारी नुसती उभी राहीन, तुम्हीच सांगा. तुम्ही न्हाई आला, तर मी सांगणार. पण उद्या ते सांगितलं जाणार.”